पांढरीवरील घर आणि सरकारी कायदे

खेड्यात घर उभे करावयाचे म्हटले म्हणजे शहरात राहणाऱ्या माणसाच्या मनात प्रथम दगड, विटा, लाकूड आणि पैसा यांचाच विचार येतो. सरकारनेही पुष्कळ काळ असाच विचार केला. वास्तविक खेड्यातील घरास सर्वांआधी जी वस्तू लागते ती म्हणजे जोत्यापुरती हक्काची जमीन, आणि आपल्या महाराष्ट्रात नेमकी तीच दुर्मिळ आहे. चोहोकडे शिवारच शिवार पसरलेले असताना घराला जागा नाही, हे ऐकून शहरवासी वाचकांस नवल वाटेल. म्हणून या प्रश्नाचा जरा मुळापासून विचार करावा असे आम्ही योजिले आहे. त्यास आणखीही एक कारण आहे. या टंचाईचा एक धागा आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घराण्यांपर्यंत येऊन पोचतो.

आपल्या पूर्वजांनी गावच्या जमिनीचे दोन भाग मानले होते. काळी ती पिकाची आणि पांढरी ती वस्तीची. काळीत घर बांधू नये आणि पांढरीत नांगर घालू नये, हा साधा रिवाज. इंग्रजी अमदानीत १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांनी इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी व जमाबंदी सुरू केली, तिने काळीचे सर्व्हे नंबर पाडले व त्यांवर आकार बसविला. पांढरीतून सारा यावयाचा नव्हता, सबब तिच्या आत कोणाचे घर कोठे संपते व कोणाचे कोठे सुरू होते हे मोजण्याची यातायात बहुतेक गावांत कोणी केली नाही. पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने आणि स्वातंत्र्यानंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने या पांढरीस गावठाण हे सरकारी नाव देऊन तिच्या हद्दी ठरविण्याचा अधिकार कलेक्टराकडे ठेवला. हद्दीच्या आत घर बांधणाऱ्यास अकृषिक परवान्याची दगदग नाही. हद्दीबाहेर मात्र परवाना आला, बिनशेती सारा आला, कचेरीच्या खेपा आल्या. शेतकऱ्याने आपल्याच शेतात कुटुंबापुरते शेतघर बांधावे एवढी सवलत होती. ज्यास शेतच नाही त्यास तीही नाही.

हद्दीची रेषा जेथल्या तेथे राहिली आणि माणसे वाढत गेली. १९६१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून सुमारे २ कोटी ८४ लक्ष लोक राहत होते. २०११ साली तीच संख्या ६ कोटी १५ लक्षांवर गेली. इतके लोक शहरांकडे गेल्यानंतरची ही संख्या आहे! एका घराची चार घरे झाली, परसाच्या खोल्या झाल्या, गोठ्यांत संसार थाटले गेले.

शिवाय पांढरी सर्वांची कधीच नव्हती, हे कबूल केले पाहिजे. मध्यभागी वाडे, त्याभोवती कुणब्यांची व कारागिरांची घरे, आणि महार, मांग, रामोशी यांची वस्ती गावकुसाबाहेर, अशी ती रचना. ज्यांनी गावाची सर्वांत अवघड कामे केली त्यांच्याच घराखालची जमीन सर्वांत अनिश्चित. तिचा कागद नाही, वहिवाट काय ती खरी, आणि वहिवाटही दुसऱ्याच्या मर्जीवर टिकणारी.

१९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा म्हटला म्हणजे आमच्या वडील पिढीस जमीन गेल्याचेच स्मरण होते. १ एप्रिल १९५७ या दिवसास सरकार कृषकदिन म्हणते. पुष्कळ मध्यमवर्गीय घराण्यांत त्या दिवसाची आठवण निराळ्या सुरात निघते. त्या कायद्याची न्याय्यता तोलण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्यातच घरांसंबंधी काही कलमे होती, ती फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाहीत. कुळाने किंवा त्याच्या वाडवडिलांनी जमीनदाराच्या जागेवर स्वखर्चाने घर बांधले असेल तर त्यास तेथून सहजासहजी घालवून देता येऊ नये, आणि जमीनदाराने ती जागा विकावयास काढली तर विकत घेण्याचा पहिला हक्क त्या कुळाचा असावा, असे त्यांत म्हटले होते. गावातील शेतमजूर व कारागीर यांसही हे संरक्षण होते. घर बांधून देण्याचे एकही वचन त्यात नव्हते. पण घराखालची जमीन पायाखालून सरकू नये, एवढी तरतूद होती, आणि आमच्या मते ती कित्येक नंतरच्या योजनांहून अधिक मोलाची होती.

हेच बीज केरळात अधिक जोमाने रुजले. तेथे दुसऱ्याच्या बागेत खोपटे बांधून राहणाऱ्या मजुरास ‘कुडिकिडप्पुकारन’ म्हणत. मालकाने ऊठ म्हटले की त्याने चूल उचलावी. १९६३ च्या केरळ भूसुधार कायद्यात १९६९ साली मोठी दुरुस्ती झाली व ती १ जानेवारी १९७० पासून अमलात आली. तिने या माणसास त्याच्या खोपट्याभोवतीची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. पंचायतीच्या हद्दीत १० सेंट, नगरपालिकेत ५ आणि महानगरात ३. दहा सेंट म्हणजे आपल्याकडील चार गुंठे, आणि किंमत बाजारभावाच्या जेमतेम चौथा हिस्सा. चार गुंठ्यांत घर होते, विहीर होते, नारळाची काही झाडे होतात, दारी शेळी बांधता येते. मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी मजुरीचा दर बोलताना मान वर करून बोलता येते. तेथील नंबुद्री घराण्यांनीही या कायद्याचा घाव सोसला. परंतु केरळच्या खेड्यात आज प्रत्येक घर आपापल्या कुंपणात उभे दिसते, त्यामागे नारळ-फोफळीच्या निसर्गाइतकाच हा कायदाही आहे, हे विसरून चालावयाचे नाही.

आपल्याकडे मात्र मध्यंतरी विचाराचा ओघ पैशाकडे वळला. १९७१ साली मध्यवर्ती सरकारने भूमिहीन मजुरांस घरासाठी जागा देण्याची योजना काढली व १९७४ पासून ती प्रांतिक सरकारांकडे सोपविली. तिच्यामुळे गावोगाव गावठाणाची वाढ झाली. हे काम बरे होते, पण बहुतेक ठिकाणी ओढ्याकाठची नाही तर खडकाळ अशी जी जमीन कोणास नको होती तीच वाट्यास आली. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली आणि २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. या योजनेत सपाट प्रदेशात १ लक्ष २० हजार आणि डोंगराळ भागात १ लक्ष ३० हजार रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. घर निदान २५ चौरस मीटरांचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे असा नियम झाला. रक्कम हप्त्याहप्त्याने थेट बँकेच्या खात्यात जमा व्हावी, ही व्यवस्था आम्हांस पसंत आहे. मधल्या हातांचे त्यामुळे पुष्कळ फावेनासे झाले. पण हप्ता मिळण्यासाठी पाया खणावा लागतो, आणि पाया खणण्यासाठी जागा स्वतःची असावी लागते. यादीत नाव लागूनही जागेअभावी घरकुल न झालेली कुटुंबे जवळजवळ प्रत्येक तालुक्यात भेटतात.

बरे, अशा कुटुंबाने गावालगत एखादा गुंठा विकत का घेऊ नये? येथे आपण एका जुन्या कायद्याच्या भिंतीवर येऊन आदळतो. १९४७ साली मुंबई सरकारने जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून तुकडेबंदीचा कायदा केला. त्याचा हेतू अतिशय चांगला होता. भावाभावांच्या वाटण्यांनी शेते इतकी लहान होत चालली होती की बैल वळावयास जागा उरू नये. म्हणून प्रमाणभूत क्षेत्र ठरले, आणि त्याहून लहान तुकड्याचे खरेदीखत होऊ नये असा निर्बंध आला. २०२३ साली हे क्षेत्र बागाइतीस दहा गुंठे व जिराइतीस वीस गुंठे असे ठरविण्यात आले. आता विचार करा. शेतमजुराला घरापुरता एक गुंठा पाहिजे, विकणारा राजी आहे, किंमतही दोघांस मान्य आहे, पण कायदा म्हणतो की दहा गुंठे घ्या, नाही तर काही घेऊ नका. मग काय होते? मुद्रांकाच्या कागदावर साठेखत होते, पैसे हातोहात जातात, गडी तेथे पत्र्याचे छप्पर घालून राहतो, आणि सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच चालू राहते. मालक आहे तोवर ठीक. त्याच्या पश्चात मुलगे म्हणतात, कसली विक्री? घरकुलाच्या कचेरीत नावाचा उतारा मागतात तो याच्याजवळ नाही. बँकेत तारण मागतात तेही नाही. शेत राखण्यासाठी केलेल्या कायद्याने शेत राखले नाहीच, घर मात्र बेकायदेशीर करून ठेवले.

ही गाठ सोडविण्यास सरकारला सत्तर वर्षे लागली. २०१७ मध्ये असे व्यवहार बाजारभावाच्या २५ टक्के रक्कम भरून नियमित करण्याची सोय झाली. ज्याने आयुष्यभराची पुंजी एका गुंठ्यात घातली तो आणखी चौथाई कोठून आणणार? तेव्हा २०२४ अखेर ही रक्कम ५ टक्क्यांवर आली, आणि २०२५ साली निवासी क्षेत्रातील अशी प्रकरणे शुल्कावाचूनच नियमित करण्याकडे सरकार वळले. दरम्यान २०२४ मध्ये नियमांत आणखी एक छोटा बदल झाला. ग्रामीण घरकुल योजनेत ज्याचे नाव आहे त्यास घरासाठी एक हजार चौरस फुटांपर्यंतचा तुकडा, कलेक्टरच्या मंजुरीने, विकत घेता यावा अशी वाट त्याने मोकळी केली. वर्तमानपत्रांत या बदलास दोन-चार ओळींहून अधिक जागा मिळाली नसेल, पण आमच्या दृष्टीने अलीकडच्या काळातील घरबांधणीच्या कायदेकानूंत हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची झाली. जागा घेण्यास पैसे नसलेल्यांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये ५० हजार रुपयांच्या साहाय्याची निराळी योजना काढली होती. ती रक्कम पुढे एक लक्षावर नेण्यात आली.

दुसऱ्या बाजूने गावठाणाभोवतीची सीमाही सैल करण्यात आली. संहितेतील दुरुस्तीने, प्रादेशिक आराखड्याच्या मर्यादेत, गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमीन निवासी वापराकरिता बिनशेती झाली असे मानावे, असे ठरले. तत्पूर्वी लहानशा घरासाठीही स्वतंत्र परवाना मागावा लागे. २०२० च्या डिसेंबरात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली व त्यापाठोपाठ ग्रामीण भागात १६०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामास केवळ ग्रामपंचायतीकडे कागदपत्रे सादर करणे पुरेसे ठरले, आणि ३२०० चौरस फुटांपर्यंत पंचायतीनेच दहा दिवसांत दाखला द्यावा असे झाले. नगररचना खात्याच्या पायऱ्या चढण्याचे कारण राहिले नाही.

तथापि ही २०० मीटरांची सवलत खरोखर कोणाच्या उपयोगी पडते, याविषयी आम्हांस शंका वाटते. गावालगतची जमीन ही पिढ्यान् पिढ्या शेणखत व राख पडून कसदार झालेली असते. मळे तेथेच असतात. शहराजवळच्या गावांत या जमिनीवर प्रथम नजर पडते ती प्लॉट पाडून विकणाऱ्यांची. पुणे-नाशिकच्या आसपासचे कोणतेही गाव पाहावे. कमान उभी राहते, मुरमाचे रस्ते होतात, फलक लागतात, आणि गावातील मजूर होता तेथेच राहतो. गावच्या घरांसाठी म्हणून केलेला कायदा शहराच्या सुट्टीतील बंगल्यांस उपयोगी पडावा, हा दोष कायद्याच्या शब्दांत नाही. जागेची किंमत न बोलता फक्त परवानगी सोपी केली म्हणजे ज्याच्याजवळ पैसा आहे तोच प्रथम पोचतो.

उरली गायराने. १ जानेवारी २०११ पूर्वी सरकारी जागेवर झालेली राहती घरे नियमित करावीत असे राज्य सरकारने २०१८ मध्ये ठरविले. पण त्याच २०११ सालच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग यांच्या प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असा निकाल दिलेला होता. गुरांना चरावयास जागा पाहिजे हे खरे, आणि माणसाला निजावयास जागा पाहिजे हेही खरे. गायरानावरील वस्ती अशी दोन्ही आज्ञांच्या कात्रीत सापडलेली आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस आली की बायाबापड्या सरपंचाच्या दारी जाऊन बसतात.

असे असता, ज्या जागेसाठी तुकडेबंदी आड येत नाही, अकृषिक परवाना लागत नाही, रस्ता व पाणी आधीच पोचलेले आहे, अशी जागा गावात मुळीच नाही काय? आहे. गावाच्या ऐन मध्यावर, मारुतीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, तुळया खाली आलेला आणि आत पिंपळ माजलेला एखादा वाडा असतो. कोठे दोन, कोठे पाच. त्यांना मालक नाही असे नव्हे. मालक फार आहेत. पुण्यास आहेत, डोंबिवलीस आहेत, बडोद्यास व इंदुरास आहेत, आणि हल्ली अमेरिकेतही आहेत.

हे वाडे का ओस पडले याची कारणे आमच्या वाचकांस सांगावयास नकोत. विद्या व नोकरी यांमागे मंडळी बाहेर पडली, कुळकायद्याने शेतीचा आधार गेला, आणि १९४८ च्या आरंभी महात्माजींच्या हत्येनंतर पश्चिम व दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्यानंतर पुष्कळांनी पुन्हा गावाकडे पाठ फिरविली ती कायमची. ज्यांनी तो अग्नि पाहिला त्यांस गावाविषयी कोणी काही शिकवू जाऊ नये. पण त्यांचे नातू आज वाड्याचे काय करीत आहेत? बहुधा काहीच नाही. जमीन गेली तेव्हा घराणी दुःखी झाली, पण निदान गोष्ट निकालात निघाली. वाडा मात्र कायद्याने कोणी घेतला नाही आणि कुटुंबाने कोणास दिला नाही.

वाटणी का होत नाही? थोरले काका हयात असेतो विषय काढू नये, हे एक कारण. त्यांच्या मागे सहा चुलतभाऊ, आणि आता आत्या व बहिणी. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यात २३ वे कलम असे होते की, राहत्या घरात मुलीचा हिस्सा असला तरी पुरुष वारस वाटणी करीपर्यंत तिने ती मागू नये. अविवाहित, विधवा वा नवऱ्याने टाकलेल्या मुलीने तेथे राहावे एवढीच मोकळीक. माहेरी यावे, ओटी घेऊन जावे, खोलीचे नाव काढू नये, या घरगुती रीतीवर कायद्याने जणू शिक्काच मारला होता. १९९४ साली महाराष्ट्राने आपल्यापुरते, त्यावेळी अविवाहित असलेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ च्या मध्यवर्ती दुरुस्तीने तो सर्वच मुलींस दिला व ते २३ वे कलमही काढून टाकले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा दिला. आम्ही याचे स्वागतच करतो. पण अनेक घरांत या न्याय्य गोष्टीचाही परिणाम असा झाला की, वन्संची सही मागावयास कोणी जावे या संकोचापायी कागद कपाटातच राहिला. वास्तविक बहिणींशी मोकळेपणे बोलल्यास त्यांतील बहुतेक जणी हिस्सा घेण्यास किंवा सोडण्यास तयार असतात. त्यांस विचारलेच जात नाही, याचा मात्र त्यांस राग असतो. घरात परका शिरेल अशी भीती असणाऱ्यांस सांगणे हे की, १८९३ च्या वाटणी कायद्याच्या चौथ्या कलमाने, परक्याने एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेऊन वाटणीचा दावा लावल्यास तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस परत घेण्याची संधी कुटुंबातील हिस्सेदारास दिलेली आहे.

या विलंबास आता एक मुदत येऊन चिकटली आहे. पांढरीची जी मोजणी इंग्रजांनी केली नाही ती आता आकाशातून होत आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ड्रोन उडवून गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व या नावाने ती योजना देशभर जाहीर झाली. पद्धत मोठी गमतीची आहे. ड्रोन यावयाच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या घराभोवती चुन्याची रेघ ओढावयाची. वरून छायाचित्र निघते, त्यावरून नकाशा होतो, चौकशी अधिकारी हक्काची विचारपूस करतो, हरकती ऐकतो, आणि मग मिळकत पत्रिका व सनद तयार होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा केवळ घरपट्टीचा उतारा. मालकीचा खरा पुरावा गावठाणातील घरास यापूर्वी बहुधा नव्हता, तो आता मिळतो. कुडाच्या भिंतीत राहणाऱ्या बाईच्या नावे अशी पत्रिका निघाली म्हणजे तिच्या घरावर पहिल्यानेच बँक कर्ज देऊ शकते.

परंतु ज्या वाड्याचे मालक गावात नाहीत त्याभोवती चुना कोणी टाकावा? शेजाऱ्याने टाकला तर तो आपल्या सोयीने टाकणार, आणि त्यास दोष देता येणार नाही. कोठे परसाची दहा हात जागा पलीकडे गेली, कोठे आजोबांचेच नाव पत्रिकेवर आले व त्यापुढे ‘वगैरे’ एवढाच शब्द पडला, असे होते.

ज्या घराण्यांचा असा वाडा आहे त्यांनी निदान एवढे करावे. गावची मोजणी झाली आहे किंवा नाही याची तालुक्याच्या भूमिअभिलेख कार्यालयात चौकशी करावी. झाली असल्यास पत्रिकेची नक्कल काढून हद्द व नावे तपासावीत. मृत व्यक्तींच्या जागी वारसांची नोंद करून घ्यावी, आणि तीत मुलींची नावे गाळू नयेत. पुढे हीच चूक खरेदीदारास भोवते व व्यवहार मोडतो. ज्यांस हिस्सा नको त्यांनी नोंदलेले हक्कसोडपत्र करून द्यावे; जवळच्या नातलगांत वडिलार्जित मिळकतीचे असे पत्र नाममात्र मुद्रांकावर होते. मग ज्यांच्या नावे जागा राहील त्यांनी ती बांधावी किंवा विकावी. एका पडक्या वाड्याच्या चौकात, माडी नसलेली का होईना, पंचवीस-पंचवीस चौरस मीटरांची सात-आठ घरे मावतात. घेणारा गावातलाच असतो, बहुधा वाड्याच्या मागच्या गल्लीतला, आणि कित्येकदा ज्याच्या आजोबाने त्या वाड्याची जमीन कसली त्याचाच नातू असतो. घरकुलाच्या यादीत त्याचे नाव लागलेले असते आणि जागा खरेदीचे साहाय्य मंजूर होण्यापुरते त्यास एका खरेदीखताचेच निमित्त हवे असते.